काटक साल्व्हिया

आमच्या बागेची लांबी अकरा फूट आणि रुंदी साडेतीन फूट आहे. तिला बाग म्हणावं की नाही याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. मी तिला बाग म्हणतो. बायको 'तुमचं ते' म्हणते. पुण्यात तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला की त्याबरोबर तीन गोष्टी मिळतात : डास, वरच्या मजल्यांवरून पडणारे कपडे आणि ही असली जमिनीची पट्टी. पहिल्या दोन गोष्टींसाठी मला काही करावं लागत नाही. त्यामुळे माझी सगळी कर्तबगारी तिसरीच्या वाट्याला आली.

दर वर्षी डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी असते तेव्हा, मी नर्सरीत जातो आणि लाल साल्व्हियाची नऊ रोपं घेऊन येतो. लाल साल्व्हिया तुम्ही नक्की पाहिला असेल. सार्वजनिक बागेत पुतळ्याभोवती जो लालभडक गोल असतो ना, तोच. पुतळा कोणाचा हे लोक विसरतात, पण तो लाल रंग विसरत नाहीत. जानेवारीत माझी नऊच्या नऊ झाडं पेटल्यासारखी फुलतात. त्याच सुमाराला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथले साल्व्हिया पाहून घरी आलो की आपलेही काही कमी नाहीत असं मला वाटतं आणि मी ते बोलूनही दाखवतो.

मग मार्च येतो. मार्चमध्ये बँकेतला माणूस घरच्यांना फक्त रात्रीचा दिसतो. आणि १ एप्रिलला मी डोळे चोळत बाहेर येतो, तेव्हा नऊ तपकिरी काड्या उभ्या असतात. ३१ मार्चला बँकेत बुडीत कर्जं राइट ऑफ व्हायची आणि १ एप्रिलला घरी साल्व्हिया. असं सतत नऊ वर्षं चाललं.

मी कॉमर्सचा पदवीधर. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. टिकते ती मालमत्ता, संपतो तो खर्च. नऊ वर्षं मी ज्याला मालमत्ता समजत होतो तो निव्वळ खर्च निघाला. नर्सरीवाल्याला जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, सीझनल आहे. सीझन संपला, झाड संपलं."

"मग टिकणारा साल्व्हिया नसतो का? काटक?"

"काटक पाहिजे तर कोरफड घ्या."

कोरफड घेऊन मी घरी आलो, पण मनातून तो प्रश्न जाईना. काटक साल्व्हिया जगात कुठे तरी असणारच. शिवाय सही जुळेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत ही आमची नोकरीतली सवय. मी वाचनालयातून पुस्तकं आणली, पुतण्याकडून आणखी काही मागवली आणि रोज जेवणानंतर साल्व्हियाचा इतिहास वाचू लागलो. बायकोने आठवडाभर सहन केलं आणि मग ती उशी घेऊन आईच्या खोलीत झोपायला गेली.

पहिला धक्का खानदानाचा. साल्व्हियाच्या सुमारे एक हजार जाती आहेत. तुळस आणि पुदिना ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. म्हणून याचीही दांडी चौकोनी असते. बोटांत धरून फिरवा, कोपरे लागतात. नाव लॅटिन, त्याचं मूळ बरं करणं, वाचवणं या अर्थाच्या शब्दात. मान मिळाला तो लाल फुलांना नव्हे, भूमध्य समुद्राकाठच्या एका राखी पानांच्या झुडपाला. त्याला इंग्रज सेज म्हणतात. सम्राट शार्लमेनच्या काळी, इसवी सन ८०० च्या आसपास, राजाच्या मळ्यांत कोणती झाडं लावावीत याची जी यादी निघाली, तिच्यात हा साल्व्हिया आहे. म्हणजे सरकारी परिपत्रकात याचं नाव बाराशे वर्षांपूर्वीच आलंय. मधुमेह, गुडघे आणि वजन या तिन्हींसाठी आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा रोज सकाळी जे चिया भिजवून पितात तोही साल्व्हियाच, मेक्सिकोकडचा. अ‍ॅझ्टेक राजांना प्रजा खंडणीत चियाची पोती द्यायची. (सब्जा वेगळा. तो तुळशीकडचा. हे मी अण्णांना तीनदा सांगितलंय.)

आणि मग मला रोझमेरीची हकिकत सापडली. रोझमेरीचं स्वतंत्र घराणं होतं, १७५३ सालापासून लिनियसने दिलेलं नाव होतं, सगळं व्यवस्थित चाललं होतं. २०१७ साली शास्त्रज्ञांनी आनुवंशिक तपासणीच्या आधारे ठरवलं, की ही साल्व्हियाच आहे, आणि तिची बदली साल्व्हिया शाखेत केली. बरं, जुनं 'ऑफिसिनॅलिस' हे नाव तरी बरोबर न्यावं, तर नव्या शाखेत त्या नावाचा खातेदार आधीच बसलेला. तो राखी पानांचा सेज. बिचारीला दोनशे चौसष्ट वर्षांनी नाव बदलून घ्यावं लागलं.

हे मी बायकोला मोठ्या कळवळ्याने वाचून दाखवलं. बदली या शब्दाने मी नेहमीच हळवा होतो. कारण सांगायला हवं. मी वीस वर्षं कारकून आहे आणि या काळात तीन वेळा प्रमोशन नाकारलंय. प्रमोशन म्हणजे अधिकारी होणं, आणि अधिकारी होणं म्हणजे बदली. पहिल्यांदा मुलगी लहान होती. दुसऱ्यांदा आईचे गुडघे. तिसऱ्यांदा सोसायटीत नुकतीच पार्किंगची जागा मिळाली होती. तिन्ही कारणं मी अर्जात लिहिली होती आणि तिन्ही खरी होती.

बायको म्हणाली, "त्या रोझमेरीचा वास गेला का नाव बदलून?"

"नाही."

"मग झालं तर."

बायकोशी वाद घालण्यापेक्षा इतिहास परवडतो, म्हणून मी पुढे वाचायला लागलो. आणि गंमत अशी, की बागेतल्या साल्व्हियाचा इतिहास बर्लिनशेजारच्या एका लहानशा मुलखाभोवती पुन्हा पुन्हा घुटमळताना दिसला. तिथे स्पांडाऊ गावी श्प्रेंगेल नावाचा एक शाळेचा मुख्याध्यापक होता. कुरणातल्या निळ्या साल्व्हियाच्या फुलात मधमाशी डोकं घालते तेव्हा आतली एक तरफ दबते आणि पुंकेसराचं टोक खाली येऊन तिच्या पाठीवर परागाचा ठप्पा मारतं, हे त्याने बारकाईने पाहून १७९३ साली पुस्तकात छापलं. व्हाउचर आत आलं की शिक्का पडल्याशिवाय बाहेर जायचं नाही, ही पद्धत फुलाने आमच्या कितीतरी आधी बसवली होती. श्प्रेंगेलला त्याचं बक्षीस काय मिळालं? शाळेकडे लक्ष नाही या तक्रारीवरून पुढच्याच वर्षी पद सोडावं लागलं. हे वाचल्यापासून मी काउंटरवर असताना कुंडीकडे बघत नाही.

तिथून जवळच पोट्सडाम. तिथल्या राजवाड्याच्या माळ्यांच्या घराण्यात १७८९ साली फ्रीडरिश सेलो जन्मला. वाडवडलांची राजमान्य नोकरी, राहतं घर, ओळखीची माती. हा माणूस १८१४ साली ब्राझीलला गेला आणि पुढली सतरा वर्षं जंगलं तुडवून रोपं, बिया, वाळवलेल्या फांद्या युरोपला पाठवत राहिला. परत आलाच नाही. १८३१ साली रिओ दोसे नदीत बुडून वारला. वय बेचाळीस. आमचा लाल साल्व्हिया १८२२ च्या सुमाराला युरोपच्या ग्रंथांत नोंदला गेला आणि शास्त्रीय नावापुढे आजही सेलोचं नाव लागतं. नऊ वर्षं मी दर डिसेंबरात ज्याचे पैसे देत होतो, त्याच्या मागे असा एक माणूस उभा होता याची मला दाद नव्हती.

हा साल्व्हिया युरोपात पोचला तेव्हा तिथे बागेची एक नवीच तऱ्हा निघत होती. इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा कर रद्द झाला, काच स्वस्त झाली आणि काचघरं वाढली. उष्ण देशांतली रोपं काचघरात हजारोंनी वाढवायची, उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर आणून गालिच्यासारखी मांडायची आणि थंडी पडली की उपटून फेकायची. गालिचा दर वर्षी नवा. लाल साल्व्हिया या गालिच्यात अगदी चपखल बसला. विल्यम रॉबिन्सन नावाच्या एका आयरिश माळ्याला मात्र ही उधळपट्टी बघवेना. १८७० साली 'द वाइल्ड गार्डन' आणि १८८३ साली 'द इंग्लिश फ्लॉवर गार्डन' लिहून त्याने या गालिच्यावर कोरडे ओढले. एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतील अशी काटक झाडं लावा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे भांडवली आणि महसुली खर्चाचाच मुद्दा. रॉबिन्सन कॉमर्सचा नव्हता, तरी त्याला तो सुचला.

काटकपणाचा खरा उपासक पुन्हा त्या पोट्सडाममध्येच निघाला. कार्ल फोर्स्टर. जन्म १८७४. वडील बर्लिनच्या वेधशाळेचे संचालक. वडील रात्रभर वर बघायचे, मुलगा दिवसभर खाली. १९११ साली त्याने जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच 'हिवाळ्यात टिकणारी' असा शब्द आहे. पोट्सडामजवळच्या बोर्निम गावी त्याने रोपवाटिका काढली. त्याची पद्धत साधी होती. रोप उघड्यावर लावायचं, काही वर्षं बघायचं, लाड करायचे नाहीत. थंडीत गेलं, वाऱ्याने लोळलं, रोगाने गाठलं तर ते बाद. उरेल ते लोकांना द्यायचं. अशी सुमारे ३७० वाणं त्याच्या नावावर आहेत. कैसर गेला, प्रजासत्ताक गेलं, हिटलर गेला, पूर्व जर्मनीची राजवट आली. हा आपल्या बागेतच. १९७० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारला.

"बघ," मी बायकोला म्हटलं, "इतका मोठा माणूस, पण गाव सोडलं नाही."

ती म्हणाली, "देश चार वेळा बदलला ना त्यांच्या पायाखालचा? तुमची साधी शाखा दुसऱ्या मजल्यावर गेली तर आठ दिवस जेवण गेलं नव्हतं."

या फोर्स्टरने उत्तर जर्मनीतल्या लेअर गावच्या एर्न्स्ट पागेल्स नावाच्या माळ्याला साल्व्हियाच्या बियांची एक पुडी दिली होती, आणि हिच्यात एखादं रत्न असेल, नीट शोध, असं सांगितलं होतं, असा किस्सा बागवानांत सांगतात. पागेल्सने त्या पेरल्या, वाढवल्या, निवडल्या, आणि १९५५ साली एक जांभळा साल्व्हिया बाहेर आणला. आपल्या मुलखाचं नाव दिलं, 'ओस्टफ्रीसलांड'. पुढच्याच वर्षी फोर्स्टरचा स्वतःचा 'माइनाख्ट' आला. माइनाख्ट म्हणजे मे महिन्यातली रात्र. जर्मनीचे तेव्हा दोन तुकडे झालेले. एक रोप पश्चिमेतलं, दुसरं पूर्वेतलं. दोन्ही सगळ्या थंड जगात पसरली आणि आजही लावतात. बर्फाखाली गाडली जातात, जमिनीवरचं सगळं वाळून जातं, आणि वसंतात मुळापासून पुन्हा उभी राहतात. १९९७ साली तर अमेरिकेत 'माइनाख्ट'ला वर्षातलं बारमाही झाड म्हणून मान मिळाला.

मिळाला! माझा काटक साल्व्हिया मिळाला. दुसऱ्याच दिवशी मी नर्सरीत जाऊन 'माइनाख्ट' मागितला. नर्सरीवाल्याने कोरफडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

घरी येऊन पुढलं वाचलं तेव्हा पाय गळाले. या साल्व्हियाला कडक थंडी लागते. थंडीत निजला की वसंतात उठतो. पुण्याची थंडी म्हणजे स्वेटर दाखवण्याची सोय. आमच्याकडे तो निजणारच नाही, आणि नीट न निजलेला माणूस कसा दिसतो ते मी ३१ मार्चच्या रात्री बँकेत पाहिलेलं आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की काटक हा शब्द त्या लोकांनी थंडीपुरता वापरलाय. अमेरिकेच्या शेतीखात्याने १९६० साली काटकपणाचा नकाशा काढला. कुठे कोणतं झाड तगेल ते ठरवायचं कशावरून, तर हिवाळ्यातल्या सगळ्यांत थंड रात्रीवरून. या हिशेबाने पुण्यात जवळजवळ सगळीच झाडं काटक. आणि मग मे महिना? १९९७ साली, म्हणजे 'माइनाख्ट'ला मान मिळाला त्याच वर्षी, तिथल्या बागकाम संस्थेने दुसरा नकाशा काढला : वर्षात किती दिवस पारा ३० अंशांच्या वर जातो त्याचा. झाड उन्हानेही मरतं हे नकाशावर यायला सदतीस वर्षं लागली. आमच्याकडे कुठल्याही माळीबुवांनी एका चहात सांगितलं असतं.

आणि याच वाचनात, एका परिच्छेदाच्या शेवटी, एक वाक्य गवसलं आणि मी उठून उभाच राहिलो. लाल साल्व्हिया मुळात हंगामी नाहीच! ब्राझीलच्या डोंगराळ, दमट मुलखात तो वर्षानुवर्षं जगतो, माणसाच्या छातीपर्यंत वाढतो आणि गुंजनपक्षी त्याचा मध पितात. युरोपात थंडीने मरतो म्हणून तिथे त्याला हंगामी ठरवलं. उपटून फेकायची रीत त्या थंडीची. ती रीत रोपाबरोबर आमच्याकडे आली, आणि पुण्यात जन्मात कधी बर्फ पडलेलं नसताना आम्ही दर वर्षी ती इमानेइतबारे पाळतो.

बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. निष्क्रिय म्हणजे बंद नव्हे. खातेदार कागदपत्रं घेऊन आला की ते पुन्हा चालू करावंच लागतं. कारकुनाला हे सांगायला नको. आणि तोच कारकून नऊ वर्षं घरी निष्क्रिय खाती बंद करून उकिरड्यावर टाकत होता.

त्या वर्षी मी मार्चअखेरची वाट पाहिली नाही. होळीच्या आसपास, फुलं उतरायला लागताच, नऊही झाडं निम्म्यावर छाटली. इमारतीच्या पूर्वेला जिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारची सावली, तिथे कुंड्यांत हलवली. तळाला विटांचे तुकडे, वर वाळक्या पानांचा थर. दोन मे महिन्यात गेली. त्यांचा दोष नव्हता, पुण्याचा होता. तीन माझ्या हातून गेली. उन्हाची कीव येऊन मी सकाळी पाणी घालायचो, संध्याकाळी घालायचो आणि रात्री एकदा उगीच बघायला गेलो की तेव्हाही घालायचो. साल्व्हियाला ओली मुळं सोसत नाहीत. वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नसतं. ती तिघं उन्हाने नाही, मायेने कुजली.

उरलेली चार पावसाळ्यात पालवली आणि दिवाळीच्या आधी फुलली. शेंडे खुडत गेलो तशी भरलीही. कोपऱ्यात आता दुसऱ्या दोन जातीही आहेत. एक निळा, फॅरिनेशिया, टेक्सास-मेक्सिकोकडचा. दांड्यांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं म्हणून ते नाव. त्याला भर ऊन चालतं, पण पावसाळ्यात पाणी तुंबलेलं चालत नाही. दुसरा लाल कॉक्सिनिया. तो मेला तरी हरकत नाही, कारण मरण्याआधी स्वतःच बी टाकून ठेवतो. वारस नोंदवलेला खातेदार.

गेल्या डिसेंबरात नर्सरीत गेलो तेव्हा पाचच रोपं मागितली. नर्सरीवाला म्हणाला, "यंदा पाचच?"

"चार आहेत घरी. गेल्या सालची."

"सीझनल? गेल्या सालचे?" असं म्हणून तो हसला. मीही हसलो. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मीही विश्वास ठेवला नसता.

त्याच महिन्यात बँकेत प्रमोशनचं परिपत्रक चौथ्यांदा फिरलं. मुलगी आता कॉलेजात आहे. आईच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया होऊन ती माझ्यापेक्षा भरभर चालते. पार्किंगची जागा आहे, पण स्कूटर विकली. अर्जाचा कागद चार दिवस माझ्या खिशात होता. मी काटक आहे का? कुणास ठाऊक. वीस वर्षं एकाच कुंडीत, पूर्वेकडच्या सावलीत. ब्राझीलचं झाड पोट्सडामला मरतं आणि पोट्सडामचं पुण्याला, हे पुस्तकात वाचून कळलं. पण कुठलं कुठे जगतं ते लावून बघितल्याशिवाय फोर्स्टरलाही कळत नव्हतं. पाचव्या दिवशी मी अर्ज भरला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा काढून एकदा अर्जाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

निकाल अजून लागायचा आहे. लागला तर कुठे टाकतील सांगता येत नाही. काल संध्याकाळी कुंड्यांपाशी उभं राहून मी बायकोला म्हटलं, "माझी बदली झाली तर यांना पाणी कोण घालणार?"

"मी घालीन," ती म्हणाली. "तुम्ही नसलात म्हणजे जरा कमी मिळेल. बरंच आहे त्यांना."